तीस मशीन, एक डिस्क : फाइल सिस्टीम बदलली की डीडुप्लिकेशन का बदलतं?



आजचा धडा एका फसलेल्या प्रयोगातून आला आहे. प्रयोग माझाच होता, म्हणून सांगायला हरकत नाही.

आमच्या संगणक प्रयोगशाळेत एक सर्व्हर आहे. त्यावर तीस व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला एक. एका वर्षी मी ठरवलं की मुलांनी लिनक्स आपलं आपण इन्स्टॉल करायचं. तीस जणांनी तीच सीडी इमेज वापरली आणि तीच आवृत्ती टाकली. डिस्क भरत आली तेव्हा मी मनात हिशोब केला, ‘तीस ठिकाणी तीच ऑपरेटिंग सिस्टीम आहे ना? मग डीडुप्लिकेशन चालू करू. तीसाचं एक होईल.’ सर्व्हरवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम होती. मी डीडुप्लिकेशन चालू केलं आणि सगळ्या इमेज पुन्हा कॉपी केल्या.

बचत जवळजवळ शून्य झाली. वर सर्व्हर इतका मंदावला, की लॉगिनचा पडदा यायला मिनिटं लागू लागली. प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर होती!

तीच ऑपरेटिंग सिस्टीम तीसदा असूनही संगणकाला ती ‘तीच’ का वाटली नाही? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर आजचा सगळा विषय समजला म्हणून समजा.

डीडुप्लिकेशन म्हणजे काय?

बालभारतीचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. सुरुवातीला प्रतिज्ञा छापलेली असतेच. समजा, तुमच्या घरी दहा पुस्तकं आहेत आणि जागा वाचवायची आहे. प्रतिज्ञेचं एकच पान ठेवायचं आणि बाकी नऊ पुस्तकांत फक्त चिठ्ठी लावायची, ‘हे पान त्या पुस्तकात पाहा.’ नऊ पानं वाचली. डीडुप्लिकेशन म्हणजे एवढंच.

संगणकात पानाच्या जागी असतो ब्लॉक, म्हणजे ठरावीक आकाराचा डेटाचा तुकडा. दोन ब्लॉक सारखे आहेत की नाहीत हे प्रत्येक वेळी अक्षर न् अक्षर तपासणं परवडत नाही. म्हणून प्रत्येक ब्लॉकचा एक ‘ठसा’ काढतात. त्याला हॅश म्हणतात आणि त्यासाठी एसएचए-२५६ सारखी पद्धत वापरतात. माणसाच्या बोटाच्या ठशासारखंच हे. ठसा जुळला तर ब्लॉक तोच, मग नवी प्रत लिहायची नाही, जुन्याकडे बोट दाखवायचं. हे सगळे ठसे एका मोठ्या तक्त्यात ठेवावे लागतात. हा तक्ता लक्षात ठेवा, पुढे तोच आपल्याला रडवणार आहे.

आता नीट बघा. पान संपूर्ण सारखं असेल तरच चिठ्ठी लावता येते. एक ओळ जरी वेगळी असली तरी ते पान वेगळं. आणि एखाद्या पुस्तकात सुरुवातीलाच एक ओळ जास्त छापली गेली तर? पुढची प्रत्येक ओळ एकेक घर खाली सरकेल. मजकूर तोच, पण एकही पान दुसऱ्या पुस्तकातल्या पानाशी जुळणार नाही. माझ्या सर्व्हरवर नेमकं हेच झालं होतं.

फाइल सिस्टीम एक नसते, दोन असतात

व्हर्च्युअल मशीनचा विषय निघाला की बरेच जण इथे गोंधळतात. व्हर्च्युअल मशीनची हार्ड डिस्क ही सर्व्हरच्या दृष्टीने एक मोठी फाइलच असते. म्हणजे दोन थर झाले.

आतली फाइल सिस्टीम : व्हर्च्युअल मशीनच्या आत असते. लिनक्स असेल तर बहुधा ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस, विंडोज असेल तर एनटीएफएस. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवायची हे ती ठरवते.

बाहेरची फाइल सिस्टीम : सर्व्हरवर असते. उदा. झेडएफएस, बीटीआरएफएस, एक्सएफएस. आतली मोठी इमेज फाइल किती आकाराच्या तुकड्यांत कापायची हे ती ठरवते.

डीडुप्लिकेशन बाहेरची करते, पण मजकुराची मांडणी केलेली असते आतलीने. आतलीची पानं आणि बाहेरचीची पानं एकमेकांवर नीट बसली तर बचत होते, नाही बसली तर नाही. बाकी सगळं याच एका वाक्याचा विस्तार आहे.

बाहेरच्या ब्लॉकचा आकार

ईएक्सटी४, एक्सएफएस आणि एनटीएफएस या तिघी नेहमीच्या मांडणीत ४ केबीच्या तुकड्यांत काम करतात. म्हणजे कुठलीही साधी फाइल ४ केबीच्या सीमेवर सुरू होते. झेडएफएसवर साध्या फाइलसाठी ठरलेला ब्लॉक मात्र १२८ केबीचा असतो. एका बाहेरच्या ब्लॉकमध्ये आतले ३२ तुकडे मावतात.

आता विचार करा. सिद्धीच्या मशीनमध्ये एक लायब्ररी फाइल १२८ केबीच्या सीमेपासून पाचव्या तुकड्यावर सुरू झाली. आदित्यच्या मशीनमध्ये तीच फाइल एकोणिसाव्या तुकड्यावर सुरू झाली. बाहेरून १२८ केबीचे काप घेतले, तर दोघांच्या कापांमध्ये मजकूर सरकलेला आहे. ठसा जुळणारच नाही. ढोबळमानाने बघितलं तर सुरुवात एकाच घरात पडण्याची शक्यता ३२ मध्ये १. आणि फाइल १२८ केबीपेक्षा लहान असेल, तर तिच्या शेजारच्या फाइलीसुद्धा त्याच क्रमाने याव्या लागतील. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तर अशा लहान फाइलींचीच गर्दी असते.

माझ्या मुलांनी मशीन वेगवेगळी इन्स्टॉल केली होती. कोणी स्वॅप मोठा ठेवला, कोणी होमसाठी वेगळं पार्टिशन केलं, कोणी मध्येच अपडेट चालवला. त्यामुळे आतल्या फाइल सिस्टीमने प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या क्रमाने मांडल्या. मजकूर तोच होता, पण घरं वेगळी होती.

हेच जर एक मशीन तयार करून त्याच्या तीस प्रती काढल्या असत्या, तर १२८ केबीचे ब्लॉकही सुरुवातीला तंतोतंत जुळले असते. कारण प्रतीत जागाही त्याच राहतात. म्हणून ‘डीडुप्लिकेशनने किती वाचेल?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. मशीन कशी जन्मली, हे आधी विचारावं लागतं.

आणि बाहेरचा ब्लॉक ४ केबीचा असता तर? मग फाइल कुठल्याही घरात असो, तिचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा स्वतंत्रपणे जुळला असता. केरेन जिन आणि इथन मिलर या संशोधकांनी २००९ मध्ये व्हर्च्युअल मशीनच्या इमेजवर याचा अभ्यास केला. ठरावीक आकाराचे तुकडे केले तरी बदलत्या आकाराच्या तुकड्यांइतकीच, जवळजवळ तेवढीच, बचत मिळते असं त्यांना दिसलं. कारण आता तुम्हीच सांगू शकता : आतली फाइल सिस्टीमच मजकूर ठरावीक घरांत मांडत असते.

मग ब्लॉक लहानच ठेवू की!

थांबा. तो ठशांचा तक्ता आठवतोय ना? प्रत्येक वेगळ्या ब्लॉकमागे तक्त्यात एक नोंद. झेडएफएसच्या जुन्या पद्धतीत एका नोंदीला साधारण ३२० बाइट रॅम लागते असं धरतात. १ टीबी वेगळ्या डेटासाठी हिशोब करू.

१२८ केबी ब्लॉक : सुमारे ८४ लाख नोंदी, साधारण २.५ जीबी रॅम
१६ केबी ब्लॉक : सुमारे ६ कोटी ७१ लाख नोंदी, साधारण २० जीबी रॅम
८ केबी ब्लॉक : सुमारे १३ कोटी ४२ लाख नोंदी, साधारण ४० जीबी रॅम
४ केबी ब्लॉक : सुमारे २६ कोटी ८४ लाख नोंदी, साधारण ८० जीबी रॅम

ब्लॉक निम्मा केला की तक्ता दुप्पट. तक्ता रॅममध्ये मावला नाही तर प्रत्येक वेळी लिहिताना डिस्कवर जाऊन ठसा शोधावा लागतो. फिरणाऱ्या डिस्कवर हे फार महाग पडतं. सर्व्हर मंदावण्याचं एक कारण हे. दुसरं कारण असं, की आतलं मशीन ४ केबी बदलतं, पण बाहेर १२८ केबीचा अख्खा ब्लॉक वाचून, बदलून, पुन्हा लिहावा लागतो. एका शब्दासाठी पूर्ण पान नव्याने लिहिण्यासारखं.

म्हणजे मोठा ब्लॉक घेतला तर जुळणी कमी, लहान घेतला तर रॅम जास्त. मधला मार्ग आपल्या यंत्राकडे बघूनच निवडावा लागतो. झेडएफएसमध्ये व्हर्च्युअल डिस्क झेडव्हॉल या प्रकारातही ठेवता येते. तिचा ठरलेला ब्लॉक आधी ८ केबी होता, ओपनझेडएफएस २.२ पासून १६ केबी झाला. पण झेडव्हॉल एकदा तयार केला की हा आकार बदलता येत नाही. निर्णय आधीच घ्यायचा. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये हा तक्ता सुधारला गेला आणि त्याच्या वाढीला मर्यादा घालता येऊ लागली. तरी मूळ गणित तेच राहतं.

आतली फाइल सिस्टीम काय काय बिघडवू शकते?

१) पार्टिशनची सुरुवात. जुन्या पद्धतीत पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू व्हायचं. ६३ × ५१२ = ३२,२५६ बाइट. याला ४,०९६ ने भागा. ७.८७५ येतं, पूर्ण भाग जात नाही. म्हणजे आतलं प्रत्येक ४ केबीचं पान बाहेरच्या दोन पानांवर अर्धवट पसरलं. सगळी मशीन अशीच सरकलेली असतील तरी फाइलीच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा ब्लॉक शेजाऱ्याच्या मजकुराशी मिसळतो. जुन्या आणि नव्या मशीनची तर आपसात जुळणीच होत नाही. विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीवर सुरू होतं, नवीन लिनक्सही तसंच करतं. म्हणून आज ही अडचण मुख्यतः जुनी मशीन जपून ठेवणाऱ्यांची.

२) लहान फाइली कोंबणं. काही फाइल सिस्टीम अगदी लहान फाइलीला वेगळं घर देत नाहीत. एनटीएफएस काही शे बाइटची फाइल थेट आपल्या मुख्य नोंदवहीत ठेवते. बीटीआरएफएसही लहान फाइल नोंदींच्या ब्लॉकमध्ये टाकते. त्या नोंदींत तारखा, वेळा, क्रमांक असतात आणि ते दर मशीनला वेगळे. फाइल तीच असली तरी ब्लॉक वेगळा होतो.

३) नोंदवही आणि जर्नल. फाइल सिस्टीमचा स्वतःचा हिशोब प्रत्येक मशीनचा वेगळाच असतो. त्यात बचत शोधू नका.

४) एन्क्रिप्शन. आत पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली आणि प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी असली, तर तोच मजकूर तीस वेगळ्या रूपांत बाहेर पडतो. इथे डीडुप्लिकेशनचा उपयोग शून्य. बचतीसाठी एन्क्रिप्शन काढून टाका असं मी म्हणत नाही. डेटा खासगी असेल तर एन्क्रिप्शन हवंच, फक्त बचतीची आशा सोडा.

५) पुसलेल्या फाइली. आतल्या मशीनने फाइल पुसली, तरी बाहेरच्या फाइल सिस्टीमला ते कळत नाही. तिच्या दृष्टीने तो डेटा अजून आहेच. आणि प्रत्येकाचा कचरा वेगळा, म्हणून तो जुळतही नाही. उपाय आहे ट्रिम. आतली फाइल सिस्टीम ‘ही जागा आता रिकामी’ असा निरोप पाठवते. पण तो निरोप व्हर्च्युअल डिस्कच्या सेटिंगमध्येही चालू असावा लागतो, नाहीतर मध्येच अडकतो.

६) डीफ्रॅग. आत डीफ्रॅग चालवलं की फाइली नव्या घरांत जातात. मोठ्या ब्लॉकवर जुळलेली पानं पुन्हा विस्कटतात. डीडुप्लिकेशन असलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ते वेळापत्रकातून काढलेलं बरं.

कोणती बाहेरची फाइल सिस्टीम काय करते?

झेडएफएस : लिहितानाच डीडुप्लिकेशन करते. जुळणी पूर्ण पूलमध्ये शोधली जाते. पण ठसा कॉम्प्रेशननंतर काढला जातो, म्हणून दोन ठिकाणी कॉम्प्रेशन किंवा ब्लॉकचा आकार वेगळा ठेवला तर तोच मजकूर जुळत नाही. आणखी एक : पर्याय बंद केला तरी आधीचा तक्ता जात नाही, तो डेटा पुन्हा लिहावा किंवा काढावा लागतो.

बीटीआरएफएस आणि एक्सएफएस : लिहिताना काही करत नाहीत. नंतर ड्यूपरिमूव्हसारखं साधन चालवून सारखे भाग एकत्र करता येतात. जोडण्याआधी कर्नल दोन्ही भाग खरोखर सारखे आहेत का ते तपासून घेतं, ही चांगली गोष्ट. रॅमवर कायमचा भार नाही. पण डेटा आधी पूर्ण लिहिला जातो, म्हणजे तेवढी जागा आधी हवीच.

ईएक्सटी४ : सर्व्हरवर बाहेरची म्हणून वापरली तर तिच्यात असे सामाईक ब्लॉक ठेवण्याची सोयच नाही. तिच्याखाली व्हीडीओसारखा थर घालता येतो. तो ४ केबीच्या ब्लॉकवर काम करतो आणि २०२४ मध्ये लिनक्स कर्नल ६.९ मध्ये दाखल झाला.

विंडोज सर्व्हर : २०१२ पासून एनटीएफएसवर, आणि २०१९ पासून आरईएफएसवरही. हे काम नंतर, सवडीने होतं. तुकडे ३२ ते १२८ केबीचे, बदलत्या आकाराचे. कुठे कापायचं ते मजकूर पाहून ठरतं, म्हणून मजकूर सरकला तरी सीमा त्याच्यासोबत सरकते.

डीडुप्लिकेशन न करता बचत

बऱ्याचदा याहून सोपा मार्ग असतो. एक मशीन नीट तयार करा, त्याचा स्नॅपशॉट घ्या आणि त्यावरून क्लोन काढा. क्लोन सुरुवातीपासूनच मूळ ब्लॉक वापरतो, फक्त बदल तेवढे वेगळे लिहितो. ठशांचा तक्ता नाही, रॅमचा खर्च नाही. झेडएफएस, बीटीआरएफएस, एक्सएफएस तिन्हीत कुठल्या ना कुठल्या रूपात हे जमतं.

उणीव एकच. तीसही मशीनमध्ये तोच अपडेट टाकला, तर तो तीसदा लिहिला जातो. क्लोनला ते पुन्हा एकत्र करता येत नाही. म्हणून वर्षातून एक-दोनदा मूळ मशीन अपडेट करून नवे क्लोन काढायचे.

बचतीचे दोन धोके

पहिला धोका : कागदावरची जागा. समजा, तीस मशीनना प्रत्येकी २० जीबी दिले. बेरीज ६०० जीबी. खरी डिस्क आहे २०० जीबीची. आज सगळं छान चाललंय. उद्या सगळ्यांनी एकदम काहीतरी वेगवेगळं लिहायला सुरुवात केली, तर डिस्क भरेल आणि एक नाही, तीसही मशीन एकदम अडकतील. आणि हे बहुधा परीक्षेच्या दिवशीच होणार, कारण त्याच दिवशी सगळे एकदम लिहितात. खरी शिल्लक जागा किती, हे रोज बघायचं.

दुसरा धोका : एकच प्रत. तीस मशीनचा जो ब्लॉक सामाईक आहे, तो खराब झाला तर तीसही गेली. म्हणून डिस्क मिररमध्ये हवी आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हवा. त्याच डिस्कवर ठेवलेली दुसरी प्रत डीडुप्लिकेशनमध्ये पुन्हा एकच होते. तिला बॅकअप म्हणू नका.

आमच्या परीक्षेचं काय झालं?

त्या रात्री मी मुलांच्या कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घेतल्या. डीडुप्लिकेशन केलेल्या जुन्या इमेज पुसल्या. पुसायलाही फार वेळ लागला, कारण प्रत्येक ब्लॉकसाठी तक्त्यात नोंद बदलावी लागते. मग एक मशीन नीट तयार केलं आणि त्याचे तीस क्लोन काढले. मुलांच्या फाइली वेगळ्या जागी, साध्या पद्धतीने ठेवल्या. सकाळी लॉगिनचा पडदा लगेच आला.

कोणाचं काम गेलं नाही, हे नशीब. पण चालू करण्याआधी मी एक गोष्ट केली असती तर ही वेळच आली नसती. झेडएफएसच्या झेडडीबी या साधनात डीडुप्लिकेशन न करता ‘केलं तर किती वाचेल’ याचा अंदाज घेता येतो. मी तो घेतला नव्हता. आधी मोजा, मग चालू करा.

थोडक्यात

• जुळणी ब्लॉकची होते, फाइलीची नाही.
• बाहेरचा ब्लॉक आतल्या तुकड्याएवढा असेल तर बचत जास्त, पण रॅमही जास्त.
• प्रती काढलेली मशीन मोठ्या ब्लॉकवरही जुळतात, वेगवेगळी इन्स्टॉल केलेली बहुधा नाहीत.
• आत एन्क्रिप्शन असेल तर बचत विसरा.
• एकाच साच्यातली मशीन असतील तर आधी क्लोनचा विचार करा.

स्वाध्याय

१) २ टीबी वेगळा डेटा आणि ६४ केबीचा ब्लॉक असेल, तर ३२० बाइटच्या नोंदीने तक्त्याला किती रॅम लागेल? (उत्तर १० जीबी यायला हवं. कसं आलं ते वहीत लिहा.)

२) पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर सुरू झालं, तर सुरुवातीचा बाइट कितवा? त्याला ४ केबीने आणि १२८ केबीने पूर्ण भाग जातो का?

३) तुमच्या प्रयोगशाळेत दहा विंडोज आणि दहा लिनक्स मशीन आहेत, सर्व्हरची रॅम १६ जीबी आहे. तुम्ही डीडुप्लिकेशन निवडाल की क्लोन? कारणासह पाच ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर नाही. कारण पटलं पाहिजे, एवढंच.